रानात सापडलेली कवटी : परिसर अभ्यासाचा एक पाठ



दिवाळी उलटली की माळावरील गवत वाळू लागते, ओढ्यांचे पाणी आटते आणि पावसाळाभर झाकून राहिलेल्या पुष्कळ वस्तू उघड्या पडतात. शेळ्या-गुरांमागे रानात जाणाऱ्या मुलांच्या दृष्टीस ह्या दिवसांत हाडे व कवट्या हमखास पडतात. मूल ती वस्तू काठीने उलटीपालटी करून पाहते, कधी पिशवीत घालून शाळेत आणते आणि आपल्यापुढे ठेवून विचारते, "गुरुजी, ह्ये कशाचं डोस्कं?" ह्या प्रश्नास उत्तर देण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक, "टाक ते घाण, हात धुऊन ये," असे म्हणणे. आणि दुसरी, मनास येईल त्या प्राण्याचे नाव सांगून मोकळे होणे. पहिल्या रीतीने मुलाची जिज्ञासा मरते. दुसरीने काय होते, ते मी स्वतः अनुभवलेले असल्यामुळे प्रथम तेच सांगतो.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट आहे. शाळा डोंगराच्या पायथ्याशी, दोन वाड्यांची मिळून एक होती. चौथीतील एका मुलाने ओढ्यात सापडलेली कवटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. वरच्या जबड्यातील दोन्ही लांब सुळे शाबूत होते. मी ती क्षणभर हातात फिरविली आणि बोलून गेलो, "बिबट्याची दिसते." संध्याकाळपर्यंत ते वाक्य दोन्ही वाड्यांत पोहोचले, 'दिसते' हा शब्द मात्र वाटेतच गळाला. एक बिबट्या मेला म्हणजे त्याचा जोडीदार आसपास असणारच, असे कोणी तरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतील एकही मूल शाळेत आले नाही, कारण त्यांची वाट त्याच ओढ्यातून होती. बायकांनी सरपणास जाणे थांबविले. आठव्या दिवशी वनरक्षक आले. त्यांनी कवटी उलटी धरली, टाळूच्या बाजूने दाढांवरून बोट फिरविले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हा कुत्रा आहे."

वनरक्षकांना जे अर्ध्या मिनिटात कळले, ते मलाही कळू शकले असते. त्यासाठी मोठी विद्या लागत नव्हती. सुळ्यांवरून नजर काढून मागच्या दाढा मोजणे एवढेच पुरेसे होते. ते मोजणे कसे करावे आणि मुलांकडून कसे करवून घ्यावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

पाठाचा हेतू

ह्या पाठाने मुलांना प्राण्यांची नावे पाठ व्हावीत, अशी अपेक्षा नाही. दात, जबडा व डोळ्यांची जागा ह्यांचा प्राण्याच्या आहाराशी व राहणीशी असलेला संबंध मुलांनी स्वतः पाहावा. पुराव्यावरून अनुमान कसे काढतात, हे त्यांस समजावे. आणि पुरावा अपुरा असेल तेथे "निश्चित सांगता येत नाही" असे म्हणण्याची त्यांस सवय लागावी, हे तीन हेतू शिक्षकाने डोळ्यांपुढे ठेवावेत.

हात लावण्यापूर्वी

कवटी दिसली की ती उचलावयाची नाही, हा नियम मुलांस पहिल्याच दिवशी सांगावा. त्यास तीन कारणे आहेत.

पहिले कारण आरोग्याचे. ज्या हाडांवर अद्याप मांस किंवा कातडे आहे, त्यांच्याजवळ मुलांस जाऊच देऊ नये. काळपुळी ह्या रोगाने मेलेल्या गुरांच्या अवशेषांतून त्या रोगाचे बीजाणू मातीत उतरतात आणि तेथे कित्येक दशके जिवंत राहू शकतात. पिसाळलेल्या कुत्र्याचे वा कोल्ह्याचे ताजे प्रेतही तितकेच धोक्याचे असते. अनेक गुरे एकाएकी मेलेली आढळली, अथवा मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून रक्त आलेले दिसले, तर तेथे न थांबता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पूर्ण वाळलेल्या पांढऱ्या कवटीखालीही विंचू आसरा घेतो. म्हणून ती हलविणे भागच असेल तर शिक्षकाने स्वतः काठीने हलवावी व मागाहून साबणाने हात धुवावेत.

दुसरे कारण कायद्याचे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मेलेला सापडलेला संरक्षित वन्य प्राणी व त्याचे अवशेष ही शासनाची मालमत्ता होय. अशी वस्तू कोणाच्या ताब्यात आली असेल, तर त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत वन अधिकाऱ्यास त्याची खबर द्यावयाची असते. बिबट्या, तरस, कोल्हा, काळवीट इत्यादिकांची कवटी, शिंगे वा दात शाळेच्या कपाटात हौसेने मांडून ठेवणे हे त्यामुळे सद्‌हेतूने केले तरी अंगाशी येणारे आहे. कवटीवर गोळीचे छिद्र वा हत्याराचा घाव दिसला, किंवा सुळे मुद्दाम उपटून नेल्यासारखे वाटले, तर जागेवर काही न हलविता वनविभागास कळवावे. कवटी मनुष्याची असल्याची शंका आली तर मुलांस दूर करून पोलीस पाटलांस वर्दी द्यावी.

तिसरे कारण अभ्यासाचे आहे. कवटी जेथे पडली ती जागा हाही पुराव्याचा एक भाग असतो. आसपास इतर हाडे आहेत काय, जवळ बीळ किंवा गुहा आहे काय, गावाची मेलेली जनावरे टाकण्याची जागा किती अंतरावर आहे, हे सर्व कवटी उचलून आणल्यावर कळत नाही. तेव्हा मुलांनी वस्तू शाळेत आणण्याऐवजी शिक्षकाने मुलांस वस्तूपाशी न्यावे, हे उत्तम.

कवटीचे वाचन

मुलाची नजर कवटीत सर्वप्रथम आकार व सुळे पाहते. नेमकी हीच दोन लक्षणे सर्वांत अधिक फसवितात. मोठ्या कुत्र्याची कवटी मादी बिबट्याच्या कवटीइतकी लांब असू शकते, आणि लांब सुळे तर कुत्रा, बिबट्या, डुक्कर व वानर ह्या सर्वांस असतात. म्हणून पुढील क्रमानेच प्रश्न विचारीत जावे व प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढे जाऊ नये.

पहिला प्रश्न : कवटीस दात आहेत काय, किंवा दातांची भोके तरी आहेत काय? मेल्यानंतर हिरड्या कुजतात आणि एकमुळी दात, म्हणजे पुढचे पटाशीचे दात व पुष्कळदा सुळेही, गळून पडतात. अनेक मुळांच्या दाढा मात्र टिकून राहतात. म्हणून दात नाही एवढ्यावरून तो नव्हताच असे म्हणू नये; त्याची खोबण शोधावी व मोजताना दाताबरोबर रिकामी खोबणही धरावी. जेथे खोबणीही नाहीत, तो पक्षी असेल किंवा कासव असेल. पक्ष्याची कवटी वजनाने अगदी हलकी व डोळ्यांची कोटरे फार मोठी असतात. सस्तन प्राण्यांमध्ये आपल्याकडे खवल्या मांजरास मुळीच दात नसतात. त्याची कवटी गुळगुळीत, निमुळत्या शंकूसारखी दिसते. हा प्राणी मुंग्या व वाळवी जिभेने टिपून खातो. त्यास चावण्याचे कारणच पडत नाही.

दुसरा प्रश्न : सर्व दात एकसारखे आहेत की निरनिराळ्या प्रकारचे? घोरपडीच्या दातांत पटाशी, सुळे व दाढा अशी विभागणी नसते. सस्तन प्राण्यांत ती बहुधा स्पष्ट असते. ह्याच वेळी कवटी मागच्या बाजूने पाहावी. मेंदूतून पाठीच्या कण्यात जाणाऱ्या मोठ्या छिद्राच्या कडेस सस्तन प्राण्यांत हाडाचे दोन गुळगुळीत उंचवटे असतात. पक्षी व सरपटणारे प्राणी ह्यांत तो एकच असतो. दात नसलेल्या मोडक्या कवटीच्या बाबतीतही हे लक्षण उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न : वरच्या जबड्यात पुढचे दात आहेत काय? गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट, चितळ, सांबर ह्या सर्व रवंथ करणाऱ्या प्राण्यांस वरच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात नसतात. तेथे कठीण हिरडीची गादी असते आणि खालचे दात त्या गादीवर दाबून ते गवत तोडतात. म्हणून वरच्या जबड्याचे पुढचे टोक सपाट, खोबणीविरहित असेल, तर प्राणी रवंथ करणारा आहे असे समजावे. घोडा व गाढव गवतच खातात, तथापि त्यांस वरचे पुढचे दात असतात.

चौथा प्रश्न : पुढचे दात व दाढा ह्यांच्यामध्ये मोकळी जागा आहे काय? गवत किंवा साली खाणाऱ्या प्राण्यांत ही जागा लांब असते. समोर छिन्नीसारख्या वाकड्या, पुढून बहुधा पिवळसर-नारिंगी दातांची एकच जोडी, नंतर मोकळी जागा आणि मग दाढा असे दिसले, तर तो कुरतडणारा प्राणी होय : उंदीर, घूस, खार किंवा साळिंदर. सशाची कवटीही प्रथमदर्शनी तशीच वाटते. पण त्याच्या वरच्या मोठ्या दातांच्या पाठीमागे काडीएवढ्या लहान दातांची दुसरी जोडी लपलेली असते, आणि नाकाच्या बाजूचे हाड जाळीसारखे सच्छिद्र असते. ही मागची जोडी मुलांस स्वतः शोधू द्यावी.

पाचवा प्रश्न : वरच्या जबड्याच्या एका बाजूस एकूण दात व खोबणी किती? खालचा जबडा सुटून दूर जातो, म्हणून मोजणी वरच्या जबड्याची करावी. पूर्ण वाढलेल्या प्राण्यांत एका बाजूची संख्या पुढीलप्रमाणे असते. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा व दाढा असा क्रम धरला आहे. हा तक्ता फळ्यावर लिहून मुलांच्या वहीत उतरवून द्यावा.

कुत्रा, कोल्हा, लांडगा, खोकड : ३, १, ४, २, एकूण १०.
मांजर, रानमांजर, बिबट्या : ३, १, ३, १, एकूण ८.
तरस : ३, १, ४, १, एकूण ९.
मुंगूस : ३, १, ४, २; एकूण १०.
अस्वल : २, १, ४, २, एकूण ९.
डुक्कर : ३, १, ४, ३, एकूण ११.
वानर व माकड : २, १, २, ३, एकूण ८.
गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट : ०, ०, ३, ३, एकूण ६.
ससा : २, ०, ३, ३, एकूण ८.
साळिंदर : १, ०, १, ३, एकूण ५.
उंदीर, घूस : १, ०, ०, ३, एकूण ४.

एकूण संख्येपेक्षा तिची विभागणी महत्त्वाची, हे तक्त्यावरून सहज ध्यानी येईल. बिबट्या, वानर व ससा ह्या तिघांचीही बेरीज ८ होते. परंतु त्यांच्या तोंडात एकमेकांसारखे काहीच नाही.

कुत्रा की बिबट्या?

गावात ज्या प्रश्नावरून खरी घबराट होते, तो हा प्रश्न असल्यामुळे त्याचा थोडा विस्तार करतो. कुत्र्याच्या व मांजराच्या दोन्ही कुळांत वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूस एक मोठा, धारदार, कात्रीच्या पात्यासारखा दात असतो. खालच्या जबड्यातील तशाच दातावर तो घासून मांस कापले जाते. हा दात प्रथम शोधावा आणि त्याच्या मागे काय आहे ते पाहावे. मागे दोन रुंद, चुरडण्याच्या उपयोगी पडणाऱ्या दाढा असतील, तर प्राणी कुत्र्याच्या कुळातील आहे. मागे काहीच नसेल, किंवा तांदळाच्या दाण्याप्रमाणे कवटीच्या मानाने अगदी चिमुकला एकच दात आतल्या बाजूस दडलेला असेल, अथवा त्याची बारीक खोबण असेल, तर प्राणी मांजराच्या कुळातील समजावा. कुत्रा मांसाबरोबर इतरही अन्न खातो, म्हणून त्यास चुरडणाऱ्या दाढा लागतात. मांजर केवळ मांसावर जगते, म्हणून तिच्या त्या दाढा नाहीशा झाल्या. शिवाय कुत्र्याचे नाकाड लांब, तर मांजराचे आखूड असून डोक्याचा घाट गोल व डोळ्यांची कोटरे मोठी व पुढे वळलेली असतात.

तरसाच्या कवटीत कात्रीच्या दातामागे मांजराप्रमाणेच एक लहान दाढ असते. परंतु त्याच्या पुढील उपदाढा जाड, बुटक्या व शंकूच्या आकाराच्या असतात. त्या हाडे फोडण्यासाठी आहेत. माथ्यावर मधोमध हाडाचा उंच कंगोरा उभा असतो. जबडा हलविणारे प्रचंड स्नायू त्यास चिकटलेले असतात.

कुत्रा, कोल्हा व लांडगा ह्यांस मात्र एकमेकांपासून वेगळे करणे फार अवघड आहे. कुत्र्याचे कपाळ नाकाडापासून अधिक उठावदार चढते, तर कोल्हा व लांडगा ह्यांचे कमी चढते, असे साधारणतः म्हणता येते. पण गावठी कुत्र्यांत इतके प्रकार आहेत की एवढ्यावरून निर्णय देऊ नये. "कुत्र्याच्या कुळातील, आकाराने मध्यम" एवढेच लिहावे. खोकड त्यांहून लहान असून, त्याच्या डोळ्यामागे बाहेर आलेल्या हाडाच्या टोकावर वरच्या बाजूने एक उथळ खळगा असतो. कुत्रा, कोल्हा व लांडगा ह्यांत ते हाड वरून फुगीर असते. मुंगसाची दातसंख्या कुत्र्याइतकीच असली, तरी त्याची कवटी बोटभर लांबीची असते आणि डोळ्यामागे हाडाचे कडे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण झालेले असते.

अस्वलाची दातसंख्या पाहून मुले विचारतील की पुढचे दोन दात कोठे गेले? ते पडलेले नसतात. आपल्याकडील अस्वलास वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात नसतात, आणि त्या फटीतून ते वाळवी जोराने ओढून घेते. शरीराची रचना व आहार ह्यांच्या संबंधाचे इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते.

शिंगे असलेल्या कवट्या

शिंगांचे दोन प्रकार मुलांस समजावून द्यावेत. गाय, म्हैस, शेळी, काळवीट, चिंकारा, नीलगाय ह्यांचे शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा व वर शिंगाची पोकळ खोळ असते. ही शिंगे गळत नाहीत. पण प्राणी मेल्यावर काही काळाने खोळ निसटून जाते व फक्त आखूड खडबडीत गाभा उरतो. अशा गाभ्यावरून "हा कोणता तरी वेगळाच प्राणी" असा समज पुष्कळदा होतो. उलट चितळ, सांबर व भेकर ह्यांची शिंगे भरीव हाडाची असतात. ती गळतात आणि पुन्हा नवी येतात, व ती नरासच असतात. म्हणून रानात नुसते भरीव शिंग सापडले, तर प्राणी मेला असे म्हणता येत नाही. भेकराच्या शिंगाखालील हाडाचे खुंट लांब असून नराच्या वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारा लहानसा सुळाही असतो. रवंथ करणाऱ्यांच्या वर दिलेल्या नियमास तो अपवाद होय.

शिंगे नसलेली, रवंथ करणाऱ्या लहान प्राण्याची कवटी सापडली, तर डोळ्याच्या पुढच्या हाडावर बोट फिरवावे. शेळीत तेथे खळगा नसतो, मेंढीत उथळ असतो, आणि सांबरात तो ठळकपणे लागतो.

वानर व डुक्कर

वानराची कवटी पाहून माणसे सर्वांत अधिक दचकतात, कारण तिचे डोळे समोर असून कोटरांच्या मागे हाडाची भिंत असते, आणि दातांची संख्या व क्रम मनुष्याप्रमाणेच असतो. परंतु वानराचा जबडा पुढे आलेला असतो, नराचे सुळे लांब असतात आणि मेंदूची पेटी मनुष्याच्या मानाने फारच लहान असते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे करणी-भानामतीच्या कंड्या उठतात. शंका उरलीच, तर वर सांगितल्याप्रमाणे पोलीस पाटलांस कळवावे. स्वतः निर्णय देऊ नये.

डुकराचे सुळे बाहेर व वर वळलेले असतात आणि खालच्या सुळ्यास तीन कडा असतात. त्याच्या दाढांवर मात्र मनुष्याच्या दाढांसारखे गोलसर उंचवटे असतात, कारण दोघांचाही आहार मिश्र आहे. ह्या साम्याने मोठमोठे विद्वानही फसले आहेत. अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात सापडलेल्या एका झिजलेल्या दाढेवरून १९२२ साली न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे प्रमुख हेन्री ऑस्बॉर्न ह्यांनी, ती मनुष्यसदृश वानराची आहे, असे जाहीर केले व त्यास नवे शास्त्रीय नावही दिले. पुढे त्याच ठिकाणी अधिक उत्खनन झाले आणि ती दाढ डुकराशी नाते असलेल्या पेकरी ह्या प्राण्याच्या पुरातन जातीची ठरली. १९२७ साली ही दुरुस्ती प्रसिद्ध करण्यात आली. चूक एका दाढेवर विसंबल्याने झाली आणि अधिक पुरावा शोधल्याने सुधारली, एवढे मुलांस ह्या गोष्टीतून सांगावे.

नेहमी होणाऱ्या चुका

गावाजवळ सापडणाऱ्या कवट्यांपैकी पुष्कळशा शेळी, गाय, म्हैस, कुत्रा, मांजर व डुक्कर ह्या परिचित प्राण्यांच्याच असतात. म्हणून आधी ओळखीच्या प्राण्यांचा विचार करावा आणि ते जुळत नाहीत असे दिसल्यावरच रानटी प्राण्यांकडे वळावे. लहान पिल्लाच्या कवटीत दुधाचे दात असतात, काही दाढा उगवलेल्याच नसतात व हाडांमधील सांधे उघडे दिसतात. तेथे वरील तक्ता लागू पडत नाही. हाडांवर शेजारी शेजारी समांतर खाचा दिसल्या, तर त्या बहुधा साळिंदराने कुरतडल्याच्या असतात. हाडांतील क्षारांसाठी ते जुनी हाडे बिळाशी नेऊन कुरतडते. तरसही हाडे गुहेत ओढून नेतो. तेव्हा गुहेच्या तोंडाशी सापडलेली कवटी गुहेत राहणाऱ्या प्राण्याचीच असते, असे समजणे चूक होय.

वर्गातील पाठ

ह्या पाठास दोन तासिका द्याव्यात. पहिल्या तासिकेत रानटी प्राण्याची कवटी मुळीच लागत नाही. प्रत्येक मुलाने आपल्या जोडीदाराचे वरचे दात मोजावेत. कानाच्या पुढे बोट ठेवून चावण्याची क्रिया करावी व जबड्याचा सांधा कोठे आहे ते शोधावे. मग गोठ्यातील गाय रवंथ करताना पाहावी. तिचा खालचा जबडा आडवा फिरतो. मांजराचा जबडा वर-खालीच हलतो. गवत दळावे लागते व मांस कापावे लागते, हे शिक्षकाने न सांगता मुलांकडून वदवून घ्यावे. गावातील लोकांची हरकत नसेल, तर मटणाच्या दुकानातून शेळीचा जबडा आणून, उकळून, स्वच्छ धुऊन व उन्हात वाळवून शाळेत ठेवण्यास अडचण नाही. हरकत असेल तेथे शाडूच्या मातीचे नमुने मुलांकडून करवून घ्यावेत. नमुना करताना दात मोजावेच लागतात.

दुसरी तासिका जागेवर घ्यावी. मुलांचे चार-चारांचे गट करावेत. प्रत्येक गटाने कवटीस हात न लावता वरून व बाजूने आकृती काढावी, शेजारी पट्टी ठेवून लांबी टिपावी, आणि शिक्षकाने काठीने कवटी उलटी केल्यावर टाळूच्या बाजूची आकृती काढून दात व खोबणी मोजाव्यात. नोंदीचे चार रकाने असावेत : दिनांक व जागा, काय दिसले, त्यावरून काय वाटते, खात्री किती. दुसरा व तिसरा रकाना एकमेकांत मिसळू देऊ नये. "सुळा लांब आहे" हे दिसलेले आहे. "बिबट्या आहे" हे वाटलेले आहे. सर्व गटांनी नोंदी वाचून दाखविल्यावर मतभेद असल्यास पुन्हा कवटीकडेच जावे, मतांची संख्या मोजू नये.

मोबाइलवर छायाचित्र घेतल्यास तेही वरून, बाजूने व टाळूकडून असे तीन दिशांनी, शेजारी पट्टी ठेवून घ्यावे आणि ओळख हवी असल्यास वनविभागाच्या कर्मचाऱ्यास दाखवावे. ओळख पटण्यापूर्वी ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर नाव घालून पाठविण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळावा. माझ्या वेळी एका वाक्यास दुसऱ्या वाडीत पोहोचण्यास संध्याकाळ लागली होती. आता तेवढाही अवधी मिळणार नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या गुरांना वरचे पुढचे दात आहेत काय? मोठ्या माणसास बरोबर घेऊन पाहा व लिहा.
२. एका कवटीत सुळे नाहीत, पण त्या जागी खोल खोबणी आहेत. ह्यावरून काय म्हणता येईल व काय म्हणता येणार नाही?
३. सशाच्या व घुशीच्या कवटीतील एक साम्य व दोन फरक सांगा.
४. वरच्या जबड्यात कात्रीच्या दातामागे दोन रुंद दाढा असलेली कवटी ओढ्यात सापडली. गावातील लोक ती बिबट्याची म्हणतात. तुम्ही त्यांस काय दाखवाल?
५. रानात भरीव, फाटे असलेले शिंग सापडले. प्राणी जिवंत असू शकेल काय? कारण द्या.

चौथा प्रश्न मी दर वर्षी विचारीत आलो. वनरक्षक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलांसह दोन्ही वाड्यांत गेलो, कवटी उलटी धरून त्या दोन दाढा घरोघर दाखविल्या आणि चूक माझी होती असे सांगितले. संकोच वाटला, हे खरे. परंतु तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतील मुले ओढा ओलांडून शाळेत आली, आणि त्यांपैकी एकीने वर्गात शिरताच विचारले, "गुरुजी, आमच्या मांजरीच्या त्या दाताच्या मागं काय हाय, ते बघू का?" तिला मी मांजरी जांभई देईपर्यंत थांबण्यास सांगितले.